नकाशातली नदी, विहिरीतले पाणी

काल्पनिक जगाचा नकाशा काढायला बसलेला माणूस पहिली चूक करतो ती बहुधा नदीत. डोंगर जमतात, जंगले जमतात, किल्ले तर फारच झकास जमतात. नदी मात्र एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळते, वाटेत एखादा डोंगर चढून जाते, मैदानात आली की उगाच दोन नद्यांत फुटते, आणि एका तळ्यातून तीन दिशांना तीन प्रवाह बाहेर पडतात. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण नकाशा खोटा वाटतो. लहानपणापासून ओढ्यानाल्यांतून वावरलेला डोळा फसत नाही.

संगणकीय खेळ, ॲनिमेशनपट किंवा अद्भुत कादंबऱ्या यांसाठी असे नकाशे बनवणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. 'वर्ल्ड मशीन' किंवा 'गाया' यांसारखी सॉफ्टवेअर डोंगर नुसते रेखाटत नाहीत. ती त्यांच्यावर पाऊस पाडतात, माती वाहून नेतात, दऱ्या कोरतात. या क्षेत्राकडे वळलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण या खेळामागचे गणित आणि एखाद्या गावाने उन्हाळ्यात कोणते पाणी प्यायचे हे ठरवणारे गणित एकच आहे. ते समजून घ्यायला पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

आधी नियम पाहू. तो एका ओळीचा आहे: पाणी उताराकडे जाते. बाकीचे सगळे त्यातूनच निघते. दोन ओहोळ एकमेकांना भेटतात तेव्हा ते एक होतात, कारण दोघांनाही सर्वांत खोल जागाच हवी असते. एकदा मिळालेला प्रवाह सहसा पुन्हा फुटत नाही. तळ्याच्या काठावर सर्वांत खालची जागा एकच असते, म्हणून बाहेर पडणारा प्रवाहही एकच. अपवाद आहेत. समुद्राजवळच्या सपाट गाळात नदी फुटते, त्याला आपण त्रिभुज प्रदेश म्हणतो. व्हेनेझुएलातील कासिकियारे नावाचा प्रवाह तर ओरिनोको नदीचे काही पाणी चक्क ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेऊन सोडतो. पण तो इतका दुर्मीळ प्रकार आहे की भूगोलाच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा मिळते.

आपल्या राज्याचा नकाशा कुणी कादंबरीसाठी काढला असता, तर संपादकाने तो अतिशयोक्त म्हणून परत पाठवला असता. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावरून सावित्री पश्चिमेला उतरते आणि कृष्णा पूर्वेला. कारण सह्याद्रीची भिंत पश्चिम काठावर उभी आहे आणि सगळे पठार पूर्वेकडे कललेले आहे. तीच भिंत पाऊसही अडवते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या राळेगणसिद्धीत पाचशेच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही कमी. पारनेरचे पठार तर दोन मोठ्या खोऱ्यांच्या सीमेवर बसले आहे. उत्तरेकडे उतरलेले पाणी मुळेतून गोदावरीला जाते, दक्षिणेकडचे कुकडी आणि घोड नद्यांतून भीमेला. काही पावलांच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक आंध्रात गोदावरीच्या मुखाशी पोहोचेल, तर दुसरा पंढरपूरवरून जाईल.

संगणक हा जलविभाजक कसा ओळखतो? पद्धत इतकी सोपी आहे की सातवीतला विद्यार्थी आलेखाच्या वहीत करून पाहू शकेल. जमिनीचे सारख्या आकाराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात त्या जागेची उंची लिहायची. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी असतात. ज्या शेजाऱ्याकडे उतार सर्वांत तीव्र, त्याच्याकडे एक बाण काढायचा. सगळे बाण काढून झाले की प्रत्येक चौकोनात वरून किती चौकोनांचे पाणी येते ते मोजायचे. माथ्यावरच्या चौकोनात शून्य येते, उतारावर पाच-दहा, आणि खाली कुठे तरी आकडा एकदम हजारांत जातो. आकडे मोठे असलेले चौकोन रंगवले की नदी आपोआप उमटते. जॉन ओ'कॅलॅहन आणि डेव्हिड मार्क यांनी १९८४ मध्ये ही रीत मांडली. आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकेल अशा 'क्यूजीआयएस' या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, आणि कल्पित जगांच्या नद्याही अशाच प्रकारच्या हिशेबातून वाहतात.

फरक आहे तो उंचीच्या आकड्यांत. खऱ्या जमिनीचे आकडे उपग्रहावरून येतात. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने रडारने पृथ्वीच्या बऱ्याचशा भूभागाची उंची मोजली. भारताने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून आपल्या देशाचा उंचीचा नकाशा तयार झाला. कल्पित जगाचे आकडे मात्र गणिती गोंधळातून निर्माण करावे लागतात. केन पर्लिन यांनी 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटाच्या कामानंतर, संगणकाची चित्रे फार गुळगुळीत आणि कृत्रिम दिसतात या वैतागातून अशा नियंत्रित गोंधळाची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना पुढे १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. या पद्धतीने केलेले डोंगर दुरून सुंदर दिसतात. जवळ गेले की ते चुरगळलेल्या चादरीसारखे वाटतात, कारण त्यांच्यावरून कधी पाणी वाहिलेले नसते. म्हणून सॉफ्टवेअर त्यांच्यावर लाखो खोटे थेंब सोडते. प्रत्येक थेंब वरची थोडी माती उचलतो, वेग कमी झाला की खाली टाकतो, आणि हळूहळू दऱ्या, घळी, गाळाची मैदाने तयार होतात.

हे काम खऱ्या पाण्याने कसे केले आहे ते पाहायचे असेल तर राळेगणच्याच तालुक्यात निघोजला जावे. तिथे कुकडीच्या पात्रात काळ्या कातळाला रांजणखळगे पडले आहेत. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गोल फिरत राहिले आणि त्यांनी कातळ कोरून रांजणासारखे खड्डे केले. इतके बारीक काम अजून तरी खेळांच्या सॉफ्टवेअरला झेपत नाही.

शरीरशास्त्र शिकलेल्या माणसाला हे नकाशे पाहून वेगळीच ओळख पटते. केशवाहिन्यांतून बारीक शिरा निघतात, त्या मिळून मोठ्या शिरा होतात, आणि शेवटी दोन महाशिरांतून रक्त हृदयात येते. ही झाली उपनद्यांची रचना. श्वसननलिका उलट दिशेने, त्रिभुज प्रदेशासारखी फुटत जाते. सुमारे तेवीस वेळा फुटून ती कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. हे साम्य केवळ कवीकल्पना नाही. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये ओढ्यांना दर्जा देण्याची रीत मांडली आणि आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५२ मध्ये ती सुधारली. दोन पहिल्या दर्जाचे ओहोळ मिळून दुसऱ्या दर्जाचा ओढा, दोन दुसऱ्या दर्जाचे मिळून तिसरा, अशी ती मोजणी. पुढे फुप्फुसातल्या नलिका आणि रक्तवाहिन्या मोजायला संशोधकांनी हीच रीत उचलली. मोठ्या पृष्ठभागावरचा द्रव कमीत कमी खर्चात गोळा करणे किंवा वाटणे, हा प्रश्न डोंगरालाही आहे आणि छातीलाही.

आता राळेगण. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. १९७२ च्या दुष्काळाच्या खुणा तेव्हा ताज्या होत्या. गावाचे क्षेत्र हजार हेक्टरच्या आसपास. त्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर होतात. म्हणजे वर्षाला पाचशे कोटी लिटर. इतके पाणी आभाळातून मिळणारे गाव उन्हाळ्यात तहानलेले राहत होते, कारण ते सगळे वर सांगितलेल्या एका ओळीच्या नियमाने शिवाराबाहेर पळून जात होते आणि जाताना मातीही नेत होते.

गावात एक पाझर तलाव होता, पण बांध गळका असल्याने त्यात पाणी टिकत नव्हते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाझर तलाव झिरपण्यासाठीच असतो, मग गळाला तर बिघडले काय? तळातून झिरपलेले पाणी मुरुमात आणि कातळाच्या भेगांत उतरते, महिनोन्‌महिने सरकत राहते आणि विहिरीत येते. बांधातून गळलेले पाणी पुन्हा नाल्याला लागते आणि चार दिवसांत निघून जाते. गावाने श्रमदानातून बांध दुरुस्त केला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावाच्या खालच्या अंगाच्या सात विहिरींना पाणी राहिले. तिथून पुढे माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, नालाबंडिंग, बंधारे, झाडे असे काम होत गेले, आणि उसासारख्या पाणीखाऊ पिकांना गावाने नकार दिला. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आधीच चालवला होता, त्याचाही या कामाला आधार झाला.

तेव्हा उपग्रहाचा उंचीचा नकाशा गावात कुणी पाहिला नव्हता. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे होते, पण त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये साधारण वीस मीटर उंचीचा फरक. वीस मीटरमध्ये पाच-सहा मजली इमारत मावते. एवढ्या फटीत गावातला अख्खा ओढा हरवतो. आजचा तीस मीटरचा उपग्रहनकाशाही अडाणीच म्हणावा लागेल. त्यातला एक चौकोन सुमारे नऊ गुंठ्यांचा. राळेगणचे सगळे शिवार अशा अकरा हजार चौकोनांत बसते, आणि बांध, चर, पाटचारी यांतले काहीही त्यांत दिसत नाही. म्हणूनच आजही समपातळी चर आखताना ए-फ्रेम लागते. तीन काठ्या, एक दोरी आणि टांगलेला दगड. तिने काढलेली रेषा उपग्रहाच्या रेषेपेक्षा खरी असते.

सॉफ्टवेअर आणि गाव यांच्यात सर्वांत मोठा मतभेद मात्र खड्ड्यांवरून आहे. बाण काढताना एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खोल निघाला तर पाणी तिथेच अडकते, नदी तुटते. म्हणून सॉफ्टवेअर पहिल्या फटक्यात असे सगळे खड्डे बुजवून टाकते. त्याच्या लेखी खड्डा ही मोजणीतली चूक. राळेगणने नेमके उलटे केले. सगळ्या शिवारभर खड्डे निर्माण केले, पाण्याला पळू दिले नाही, चालायला लावले आणि चालणाऱ्याला थांबायला लावले. आपले कल्पित जग खरे वाटावे असे ज्यांना वाटते, त्यांनी खड्डे बुजवण्याच्या त्या बटणाचा थोडा विचार करावा. जिथे माणसे राहतात तिथली जमीन कधीच नुसती वाहून जाणारी नसते.

आरोग्याच्या दृष्टीने खड्डा ही दुधारी गोष्ट आहे. नारूचा जंतू पायऱ्यांच्या विहिरींतून पसरत असे. पायाला फोड आलेला रुग्ण पाण्यात उतरायचा, जंतूची पिल्ले पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत जायची, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या कातडीतून वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर यायचा. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे एवढ्या साध्या उपायांनी तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. औषधाने नव्हे, विहिरीचा आकार बदलून जिंकलेली ही लढाई आहे. डासांचेही तसेच. चरातले पाणी चार-पाच दिवसांत मुरले तर भीती नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. आठवड्याहून अधिक काळ साचणाऱ्या लहान डबक्यांकडे लक्ष हवे, आणि मोठ्या साठ्यांत गप्पी मासे. उलट ज्या गावात पाणीच नाही तिथे घरोघरी पिंपे आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात आणि डेंग्यूचा डास त्यांत सुखाने वाढतो. म्हणजे शिवारातला पाण्याचा खड्डा घरातली पिंपे कमी करतो. हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

आणखी गंभीर प्रश्न आहे तो नकाशाला न दिसणाऱ्या पाण्याचा. आपला दख्खन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झाला. 'ट्रॅप' हा शब्दही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कोणताही डोंगर बाजूने पाहिला की त्या पायऱ्या दिसतात. काही थर घट्ट कातळाचे, काही सच्छिद्र, काही भेगाळलेले. वरचे पाणी उतार पाहून जाते. खालचे पाणी भेग पाहून जाते. दोघांची दिशा एकच असेल असे नाही.

विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांच्यात किमान पंधरा मीटर अंतर हवे आणि विहीर वरच्या अंगाला हवी, हा नियम वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येकाला पाठ असतो. त्यामागे मातीवरचा विश्वास आहे. माती जंतूंना गाळते. पण जिथे हातभर मातीखाली भेगाळलेला कातळ लागतो, तिथे मैलापाणी न गाळताच पुढे जाऊ शकते आणि पंधरा मीटर पुरतीलच याची खात्री राहत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर जुलाब-उलट्या आणि काविळीचे रुग्ण वाढतात, त्यामागे हेच असते. चार महिने उतारावर साठलेले सगळे एका दिवसात खाली येते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या आणि त्या एका हातपंपाभोवती गोळा झालेल्या दिसल्या. त्या पंपाच्या विहिरीपासून काही फुटांवर घाणीचा हौद होता, हे नंतर उघड झाले. आपल्याकडे गोठा, उकिरडा आणि विहीर यांचे नाते असेच जवळचे. त्यातून नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात बाटलीचे दूध कालवून दिलेले तान्हे बाळ निळे पडू शकते. आणि हे पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने नायट्रेट आटून उलट दाट होते.

मग खोल बोअर घ्यावी का? खोलवरचे पाणी जंतूंच्या बाबतीत बरे असते, पण ते खडकाशी अधिक काळ संगत करून आलेले असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत त्यातले फ्लोराइड दातांवर आणि हाडांवर दिसते. मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर दीड. नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दर वर्षी पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला. त्याची चर्चा शेतीच्या अंगाने पुष्कळ झाली. उथळ विहिरींना पाणी टिकले तर पिण्यासाठी खोल जावे लागत नाही, ही त्यातली आरोग्याची बाजू मागे राहिली.

ज्या घरातले मूल संगणकावर डोंगरनद्या बनवत बसते, त्या घराने त्याला एक काम जरूर द्यावे. आपल्या गावाचा उंचीचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडायचा, पिण्याच्या विहिरीवर खूण करायची आणि तिथपर्यंत कोणत्या चौकोनांचे पाणी येते तेवढे रंगवायचे. पाच मिनिटांत एक पानासारखा आकार उमटतो. मग तो छापून घेऊन, चपला घालून, त्या पानाच्या कडेने शिवार फेरी मारायची. गोठे किती, शोषखड्डे किती, उकिरडे किती, खताची पोती कुठे धुतली जातात, हे त्यात भरायचे. नकाशा अडाणी आहे हे लक्षात ठेवायचे आणि जिथे तो आणि ओढा यांचे जमत नाही तिथे ओढ्याचे ऐकायचे. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचे संच असतात, गावातल्या काही महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षण दिलेले असते. त्यांचे आकडेही याच कागदावर आले तर उत्तम.

तोवर विहिरीत टीसीएल किती टाकायचे याचा हिशेब पावसाआधी करून ठेवावा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळे मीटरमध्ये. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ८५ घनमीटर, म्हणजे ८५ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने सव्वादोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर चांगली, कोरडी पावडर लागते. ओलसर पोत्यातली जुनी पावडर मोजून टाकूनही उपयोग होत नाही. तिचे आधी बादलीत द्रावण करायचे, चुना तळाला बसू द्यायचा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत खोलवर सोडून हलवायची. निदान तासभर कुणी पाणी भरायचे नाही. त्यानंतर जलसुरक्षकाने ओटी टेस्टची नळी उजेडात धरावी. रंग पिवळा आला तर घागरी भराव्यात, नाही आला तर पावडर पुन्हा मोजावी.